१२३४५६७८९८७६५४३२१ : नाणेघाट ते डोंबिवली, एका संख्येचा प्रवास

महाड-पोलादपूर परिसरावरील आपल्या धाग्यांत आजवर घाट आले, लेणी आली, किल्ले आले. आजचा धागा मात्र एका संख्येचा आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, ती तीच राहते. १११११११११ ला, म्हणजे ओळीने लिहिलेल्या नऊ एकांना, त्यांनीच गुणले की ती मिळते. जगभरच्या अंकगणिती साहित्यात ज्या कुळात तिची गणना होते, त्या कुळाला महाराष्ट्रातील एका रेल्वे स्थानकाचे नाव आहे. त्या स्थानकापर्यंत पोहोचण्यास आपल्याला सुमारे दोन हजार वर्षे लागतील, म्हणून सुरुवात घाटापासूनच करू.

पोलादपूर सोडून खेडकडे निघालेला रस्ता कशेडी घाटातून जातो. या महामार्गाचा क्रमांक पूर्वी १७ होता. २०१० च्या फेरक्रमांकनात तो ६६ झाला. ६६ या आकड्यातील दोन्ही सहा दिसायला जुळे आहेत, पण पहिल्याचे मोल साठ आणि दुसऱ्याचे सहा. आता याच घाटात एखाद्या दगडावर १११ असे कोरले आहे अशी कल्पना करा. तिसरीतला मुलगाही ते ‘एकशे अकरा’ असे वाचील. एकच खूण तीनदा आली, तरी तिची किंमत तीन प्रकारची, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

घाट उतरून महाडला या. तेथील गांधारपाले लेण्यांत ब्राह्मी लिपीतील दानलेख आहेत. त्या लिपीच्या काळात आकडे कसे लिहीत, हे पाहण्यासाठी मात्र आणखी उत्तरेला, जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावे लागते. सातवाहन राणी नागनिकेच्या तेथील लेखात यज्ञांच्या दक्षिणांची यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी, आणि प्रत्येकापुढे संख्या. हा लेख सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला मानला जातो. यातील अंकचिन्हांचा अर्थ एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लावला.

या यादीत एक आकडा २४,४०० कार्षापणांचा आहे. आपण त्यासाठी पाच अंक शेजारी शेजारी लिहितो. नाणेघाटाच्या कोरक्याने वीस हजारांचे, चार हजारांचे आणि चारशेचे अशी वेगवेगळी चिन्हे एकापाठोपाठ कोरली. हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडली की चार हजार, शंभराच्या खुणेला जोडली की चारशे. वाचणाऱ्याने या सर्वांची बेरीज करायची. शून्याची गरजच नव्हती, कारण रिकामे राहील असे ‘स्थान’च नव्हते.

आता याच कोरक्याला १११ लिहायला सांगा. तो शंभराचे चिन्ह काढील, मग दहाचे, मग एकाचे. तिन्ही आकार एकमेकांहून भिन्न. आपल्या डोळ्यांना जे सारखेपण दिसते ते त्याच्या दगडावर उमटलेच नसते. नऊ एकांची ती संख्या तर त्याच्या लेखी नऊ वेगवेगळ्या चिन्हांची रांग ठरली असती, आणि तिच्या वर्गात कोणतीही चढउतार त्याला दिसली नसती. संख्या तीच, सौंदर्य मात्र नाही. आपल्या संख्येचा इतिहास इतक्या मागून सुरू करण्याचे कारण हे आहे. तिचे रूप लिपीने घडवलेले आहे, आणि ती लिपी घडायला शतके लागली.

प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट, हा नियम आर्यभटाने ४९९ च्या सुमारास सूत्रात सांगितला. शून्यासह गणिताचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये दिले. हे सर्वपरिचित टप्पे आहेत. त्यांच्यापाशी रेंगाळत नाही. रेंगाळायचे आहे ते नवव्या शतकात.

राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाची सत्ता तेव्हा आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होती आणि राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, येथे होती. त्याच्या राज्यात महावीराचार्य या जैन गणितज्ञाने सुमारे ८५० मध्ये ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. (मद्रासमध्ये १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह तो छापला, तेव्हा आधुनिक वाचकांच्या हाती आला.) गुणाकाराच्या प्रकरणात महावीराने जी उदाहरणे दिली आहेत ती सरावासाठी आहेत, पण त्यांत एक खोडकरपणा आहे. उत्तरे गळ्यातल्या हारासारखी सममित यावीत अशा बेताने त्याने गुण्य आणि गुणक निवडले, आणि अशा उत्तरांना कंठातील आभरणाचीच उपमा दिली.

त्यांतले एक उदाहरण : १२३४५६७९ गुणिले ९. उत्तर १११११११११. म्हणजे आपले नऊ एक! गुण्यात आठाचा अंक गायब आहे, हे लक्षात आले असेल.

दुसरे उदाहरण याहून थोर. २७९९४६८१ गुणिले ४४१. कागद घ्या आणि करून पाहा. उत्तर १२३४५६५४३२१ येते. या उत्तराचे वर्णन महावीर एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या असे करतो. असे वर्णन फक्त स्थानमूल्याने विचार करणाराच करू शकतो, म्हणून दशमान पद्धतीच्या इतिहासात या ओळीचा पुरावा म्हणून उल्लेख होतो. आणि आत डोकावले तर : ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे १११११११ नव्हे, एक अंक कमी : ११११११. तेव्हा महावीराची ही माळ सहा एकांचा वर्ग आहे. आपल्या सतरा अंकी संख्येची ती धाकटी बहीण, वयाने मात्र अकराशे वर्षांनी वडील.

सतरा अंकी संख्येला तोंडाने उच्चारायचे तर शब्दही हवेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. शेवटची ओळ अशी : निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. आपल्या संख्येतील सर्वांत डावीकडचा एक ‘मध्य’ स्थानी बसतो; परार्धाला एकच पायरी उरते. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. गणित शिकवण्यासाठी दिलेल्या दानाचा दगड महाराष्ट्रात उभा आहे, आणि सहलींच्या यादीत तो सहसा नसतो.

आता रेल्वे स्थानकाकडे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील पद नाही. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे त्यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. त्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे तो विषय सोडतो. माझ्या मते त्यांची अधिक देखणी निर्मिती दुसरीच आहे.

जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरच्या एका स्थानकावर त्यांना एका विशिष्ट घडणीच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. त्या स्थानकाचे नाव त्यांनी ‘डेम्लो’ असे दिले. ते म्हणजे आजचे डोंबिवली. म्हणून त्या संख्या ‘डेम्लो संख्या’ झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ साली के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांचा या संख्यांच्या सिद्धांतावरील लेख प्रसिद्ध झाला.

डेम्लो संख्येची घडण अशी. तिचे तीन भाग पडतात : डावा, मधला, उजवा. डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा येणारी संख्या मिळते, आणि तोच अंक मधल्या भागात असतो. १६५ पाहा : एक आणि पाच मिळून सहा, मध्ये सहा. २५५३ : दोन आणि तीन मिळून पाच, मध्ये पाच-पाच. हे झाले सामान्य सदस्य. एकांच्या रांगांचे वर्ग या कुळातले विशेष मानाचे. त्यांना कापरेकरांनी ‘अद्भुत’ म्हटले. १२१ मध्ये एक आणि एक मिळून दोन. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ मिळून ४४४, मध्ये ४. आणि आपल्या संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, मध्ये ९.

हे असे का होते, हे पाहायला पाटी-पेन्सिल पुरे. १११ ला १११ ने गुणताना आपण १११ तीनदा लिहितो, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रकान्यांची बेरीज करतो. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक, पुढच्यात दोन, मधल्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उत्तर १२३२१. नऊ एक असतील तर नऊ ओळी पायऱ्यांसारख्या सरकतात आणि मधल्या रकान्यात नऊ एक जमतात. रकान्यातल्या एकांची संख्या हाच उत्तराचा अंक. महावीराचा हार आणि कापरेकरांचे डेम्लो, दोन्ही याच पायऱ्यांवर उभे आहेत.

मग दहा एक घेतले तर? मधल्या रकान्यात दहा जमतात. शून्य मांडून एक हातचा घ्यावा लागतो. तो हातचा डावीकडच्या नवात पडतो, तेथे पुन्हा दहा होतात, पुन्हा हातचा, आणि तो आठाला नऊ करून थांबतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. समरूपता मोडली. उजवी बाजू शिस्तीत उतरते आहे, डावीकडे मात्र आठ हरवला आहे. (महावीराच्या १२३४५६७९ मधला हरवलेला आठ आठवला का? डावीकडून पहिले आठ अंक पाहा.)

अंकांची बेरीज करून पाहिली की हातच्याची खूण आणखी स्पष्ट दिसते. दोन एकांच्या वर्गात अंकांची बेरीज ४, तिनांच्या वर्गात ९, नऊ एकांच्या वर्गात ८१. प्रत्येक वेळी एकांच्या संख्येचा वर्ग. दहा एकांसाठी १०० यायला हवी होती, येते ८२. प्रत्येक हातचा दहाच्या जागी एक ठेवतो, म्हणजे बेरजेतून नऊ खातो. दोन हातचे झाले, अठरा गेले. आजोबांच्या पिढीतले लोक गुणाकाराचा ताळा नऊ टाकून घेत, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

तेव्हा १२३४५६७८९८७६५४३२१ ही हातच्याविना गाठता येणारी शेवटची पायरी आहे. ती नवावर संपते, कारण आपण दहाने मोजतो. बाराने मोजणाऱ्या समाजाला अकरापर्यंत चढता आले असते.

आता तिच्या पोटात पाहू. नऊ एकांचे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणून आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. तिला एकूण ४५ विभाजक आहेत. ३ चा चौथा घात ८१, आणि अंकांची बेरीजही ८१! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ हे संस्कृत नाव दिले, हर्ष देणाऱ्या म्हणून. आपली संख्या हर्षद आहे, आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१ हा पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग आहे. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हर्षद केवळ तीनच : १, १२३२१ आणि ही. बाकी सहा नापास होतात, कारण २, ४, ५, ६, ७ वा ८ एकांच्या रांगेला त्या-त्या आकड्याने भाग जात नाही.

येथे कोणीतरी विचारणारच : हे गणित की मनोरंजन?

हा प्रश्न साध्या माणसाने विचारलेला नाही. गुंजीकर-कापरेकरांचा लेख आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांचे आत्मसमर्थनपर छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात गंभीर गणित कोणते नव्हे हे दाखवण्यासाठी त्यांनी उदाहरण निवडले ते नेमके अंकांच्या खेळाचे : चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात. ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट. कोडी छापणाऱ्या वृत्तपत्री सदरांना हे शोभेल, गणितज्ञाला यात काही नाही, असा त्यांचा निवाडा. हा निवाडा कापरेकरांना उद्देशून नव्हता, पण देवळालीच्या मास्तरांचे जवळजवळ सारे आयुष्यकार्य त्याच्या कक्षेत येत होते.

योगायोग असा की याच हार्डींना १७२९ ही टॅक्सीवरची संख्या नीरस वाटली होती आणि रामानुजनांनी ती दोन घनांच्या बेरजेने दोन प्रकारे मांडता येणारी सर्वांत लहान संख्या असल्याचे सांगितले होते. कापरेकरांच्या चष्म्यातून १७२९ कडे पाहा : अंकांची बेरीज १९, उलटे केले की ९१, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. हीसुद्धा हर्षद!

माझे मत विचाराल तर हार्डी अर्धे बरोबर होते. घनांचा गुणधर्म संख्येचा आहे. कोणत्याही लिपीत तो टिकतो, नाणेघाटाच्या चिन्हांतही. हर्षद असणे किंवा उलटसुलट सारखे असणे हा गुणधर्म संख्येचा नाही, तिच्या दशमान लेखनाचा आहे. पण त्यावरून तो विषय पोरकट ठरतो, हे मात्र पुढच्या इतिहासाने मान्य केले नाही. मूळ संख्यांच्या अंकांची बेरीज सम आणि विषम अशी निम्मी-निम्मी वाटली जाते का, या प्रश्नाचे उत्तर क्रिस्त्याँ मोदुई आणि जोएल रिव्हा या फ्रेंच गणितज्ञांनी २०१० मध्ये अत्यंत कठीण साधनांनी दिले, आणि ते होकारार्थी आहे. ज्यांत एखादा ठरावीक अंक, समजा ७, कधीच येत नाही अशा मूळ संख्या अनंत आहेत, हे जेम्स मेनार्ड यांनी सिद्ध केले. २०२२ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. संख्येचे गुण आणि तिच्या लेखनाचे गुण एकमेकांशी बोलतात का, हा प्रश्न खोल आहे. कापरेकरांपाशी तो सोडवण्याची साधने नव्हती. प्रश्नाच्या उंबरठ्यावर ते एकटे, शाळा सुटल्यावर, स्वखर्चाने पुस्तिका छापत बसले होते.

त्यांनी ठेवलेल्या नावांची कथा थोडी उदास आहे. हर्षद संख्यांना पाश्चात्त्य लेखनात आयव्हन निव्हेन या गणितज्ञाचे नाव मिळाले, त्यांच्या १९७७ मधील एका व्याख्यानामुळे. ‘स्वयंभू’ संख्या, म्हणजे ज्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून येत नाहीत अशा, देवळाली संख्या म्हणून ओळखल्या जात. त्यांना कोलंबियाच्या बेर्नार्दो रेकामान यांच्यामुळे ‘कोलंबियन’ हेही नाव पडले. (१७ स्वयंभू नाही, १३ मध्ये ४ मिळवून ती येते, ६६ ही नाही, ती ६० मध्ये ६ मिळवून येते. कशेडीच्या वाटेवरचे दोन्ही क्रमांक परावलंबीच निघाले.) १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे झाली होती. १९८६ मध्ये देवळालीतच ते वारले.

डेम्लोला मात्र प्रतिस्पर्धी नाव मिळाले नाही. पूर्णांकांच्या क्रमिकांच्या जागतिक कोशात १, १२१, १२३२१… ही रांग आजही अद्भुत डेम्लो संख्या म्हणूनच नोंदलेली आहे. ज्यांच्या वर्गांतून ती बनते त्या एकांच्या रांगांना स्वतंत्र इंग्रजी नाव १९६६ मध्ये आल्बर्ट बायलर यांनी दिले, म्हणजे डेम्लोच्या बऱ्याच नंतर. या रांगांतील काही स्वतः मूळ संख्या आहेत : दोन एकांची ११, मग थेट एकोणीस एकांची, मग तेवीस, मग ३१७, मग १०३१. शेवटच्या दोन सिद्ध व्हायला विसाव्या शतकाचे सातवे-आठवे दशक उलटावे लागले. अशा मूळ संख्या अनंत आहेत की कोठेतरी थांबतात, हे अद्याप कोणीही सिद्ध केलेले नाही.